ताडाला लागलेलं नाव

रेवजी ताडाच्या शेंड्याला होता. हातात कोयती, कमरेला दोरीनं बांधलेलं रिकामं मडकं. ताडाचं काम असं, की सकाळ-संध्याकाळ चढायचं, फुलाच्या कोंबाचं टोक नखाएवढं छाटायचं, रस गळायला लागला की खाली मडकं अडकवायचं आणि उतरायचं. एक दिवस चुकला तर छाटलेलं तोंड वाळून जातं आणि झाड रुसतं. ताप आला, पाहुणा आला, बायको भांडली, असल्या सबबी ताड ऐकून घेत नाही.

वरून त्याला खालचा सगळा मुलूख दिसायचा. त्या दिवशी नाल्याच्या वाटेनं पांढऱ्या टोप्या येताना दिसल्या. चौदा टोप्या, सहा कुऱ्हाडी, आणि सगळ्यांच्या पुढं एक काळी छत्री. टोप्या आणि कुऱ्हाडी अनोळखी होत्या. छत्री मात्र रेवजीनं लांबूनच ओळखली.

छत्रीखाली हिंमतराव होते. म्हसावदचे मोठे शेतकरी, आणि नुकतेच दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष झालेले. त्या साली खाली सपाटीवर मोठी धामधूम चालली होती. कुठं लोक मीठ उचलत होते, कुठं विलायती कापड जाळत होते, कुठं सरकारी जंगलात शिरून गवत कापत होते. म्हसावदला समुद्र नव्हता. कापड जाळावं तर ते आपलंच जळणार. सरकारी जंगलात शिरावं तर तुरुंग. मंडळाच्या तीन सभा झाल्या, तिन्ही सभांत चहा झाला, आणि शेवटी असं ठरलं की डोंगरातल्या भिल्लांचे ताड तोडायचे. ह्यात सरकारचं काही जात नव्हतं आणि मंडळाचंही काही जात नव्हतं. उद्धार भिल्लांचा व्हायचा होता, म्हणून जायचं ते त्यांचंच जावं, हे रीतीला धरूनच झालं.

बोरपाणीच्या पाड्यावर ही बातमी चार दिवस आधीच आली होती. पाडा म्हणजे बारा घरं आणि नऊ ताड. ह्या लोकांत ताड शेतासारखा नसतो, तो भाऊबंदांसारखा असतो. माणूस बी पुरतो आणि मरून जातो. तीस वर्षांनी झाड पाझरतं, ते नातू पितो. म्हणून लावणाऱ्याचं नाव झाडाला लागतं. रोजची सकाळ असो, लग्न असो, भांडण मिटवायचं असो, मयत असो, आधी ताडाच्या बुंध्याशी ताडीची धार सोडायची आणि त्या झाडाची सगळी नावं घ्यायची. पहिल्यानं मेलेली, मग जिती. परका माणूसही तीन हंगाम एका झाडाखाली बसून प्याला, की तो त्या झाडाचा माणूस होतो आणि त्याचं नाव जित्यांत घेतलं जातं. धारेत नाव घेतलं नाही तर पोरीचं लग्न लागलं असं कुणी मानत नाही. ती नुसतीच कुणाच्या तरी घरात राहायला गेली असं म्हणतात.

आणि रेवजीच्या पोरीचं, बुधीचं लग्न आठ दिवसांवर होतं. धार लागणार ती तिच्या पणज्याच्या झाडाची. दुसऱ्याच्या झाडाची चालत नाही. आपले पितर दुसऱ्याच्या झाडाखाली येऊन उभे राहत नाहीत, त्यांनाही मानपान असतो. म्हणून रेवजीला चार दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

आता गंमत ऐका. हे हिंमतराव, दारूबंदीचे अध्यक्ष, रेवजीच्या ताडाखाली तीन हंगाम बसलेले होते. पहिल्या साली डोंगरात चरायला सोडलेली गुरं बघायला आले आणि तहान लागली म्हणाले. रेवजीनं पाणी आणलं. ते म्हणाले, पाणी तर घरीही असतं. दुसऱ्या साली तहान लागायची वाट बघितली नाही. तिसऱ्या साली गुरंही बघितली नाहीत. वाटेकडं पाठ करून बसायचे, धोतराच्या सोग्यातून भाजलेले हरभरे काढायचे, आणि पोटाला थंड असते, वैद्यानं सांगितलंय, असं म्हणत चार द्रोण रिचवायचे. पाचव्या द्रोणाला वैद्याचा विषय निघत नसे.

रेवजीचा शेजारी भिला. त्याचे नाल्याकाठी दोन ताड होते. भिला हाताचा घट्ट माणूस. त्यानं जन्मात परक्याला थेंब पाजला नव्हता. आपल्यात बसून पितात आणि खाली जाऊन आपल्यालाच शहाणपण शिकवतात, असं तो सपाटीच्या लोकांबद्दल म्हणायचा. त्यानं रेवजीला सरळ वाट सांगितली होती. म्हसावदच्या बाजारात जा, मधोमध उभा राहा आणि तुझा अध्यक्ष किती द्रोण पितो ते ओरडून सांग. बघू मग कोण कुऱ्हाड उचलतो.

रेवजी तयार झाला नाही. झाडाखालचं बाजारात न्यायचं नाही, ही त्याच्या बापाची, आज्याची रीत. पाहुणा झाडाखाली काय प्याला, काय बरळला, कुणासाठी रडला, ते झाडाखालीच राहतं. भिला चिडून म्हणाला, रीत सांभाळ आणि झाड घालव. रेवजीला हे बोलणं फार लागलं, कारण ते खरं होतं. बोलावं तर रीत मोडते, गप्प बसावं तर झाड जातं. त्यानं गप्प बसायचं ठरवलं आणि बायकोपाशी जाऊन रडला.

तर टोप्या आल्या. रेवजी झाडावरून उतरून हात जोडून उभा राहिला. हिंमतरावांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही त्याला पहिल्यांदाच बघतायत. मग बुंध्याशी उभं राहून त्यांनी भाषण केलं. भाषण शुद्ध पुस्तकी मराठीत झालं, त्यामुळं पाड्यावर कुणाला राग आला नाही. एक म्हातारा तर मध्येच मान डोलवायला लागला, त्याला वाटलं कथा लावलीय.

भाषण संपल्यावर भटू गुरुजी पुढं झाले. हे म्हसावदच्या शाळेतले मास्तर. वयानं तरुण, मनानं सरळ, आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस. त्यांनी अहिराणीत एका वाक्यात भाषणाचा अर्थ सांगितला.

"हाई झाड तुमनं वैरी शे. हाई तोडं का तुमना संसार सुधरी."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रेवजीनं एवढंच मागितलं, की कुऱ्हाड लावायच्या आधी झाडाची नावं घेऊ द्या. जितं झाड विचारल्याशिवाय पाडायचं नाही, आणि झाडाच्या जित्या माणसांतला एकजण जरी नको म्हणाला तरी त्याला लोखंड लावायचं नाही, असं आमच्यात आहे.

भटू गुरुजींना घाई होती. पण हिंमतराव मोठ्या मनाचे. चौदा माणसं बघत असली की त्यांचं मन आणखी मोठं व्हायचं. ते म्हणाले, आपण ह्यांचं व्यसन मोडायला आलोय, श्रद्धा मोडायला आलेलो नाही. म्हातारीला काय करायचं ते करू द्या, घरचे नको म्हणणार हे आपण धरूनच आलोय. तशी दोन-चार टोप्यांनी माना हलवून दाद दिली.

म्हातारी म्हणजे रेवजीची आई, कालीबाई. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, त्यामुळं माणसं तिला सावलीसारखी दिसायची. हातात ताडीनं भरलेला भोपळ्याचा तुंबा घेऊन ती बुंध्याशी बसली. एक हात झाडावर ठेवला आणि एकेक नावाला थोडी थोडी धार सोडायला लागली. आधी झाड लावणारा, मग त्याचा भाऊ, मग वाघानं नेलेला, मग पटकीच्या साथीत गेलेले तिघं, मग तिचा नवरा. नवऱ्याच्या नावाला तिनं धार जरा जास्त सोडली. टोप्यांतले काहीजण नकळत टोप्या काढून उभे राहिले होते.

मग जिती नावं. रेवजी. रेवजीचा चुलतभाऊ. बुधीचा मामा. आणि मग कालीबाईनं तशाच मोठ्या आवाजात नाव घेतलं, हिंमतराव, म्हसावदचा, आणि धार सोडली.

 चार दिवस रेवजीनं सगळा विचार केला होता, फक्त हा केला नव्हता. तो सकाळच्या धारेला रोज हजर असायचा, रोज ती नावं ऐकायचा, म्हणूनच त्याला ती ऐकू येत नव्हती. हिंमतराव यायचे ते उन्हं वर आल्यावर. आपलं नाव इथं रोज पितरांना सांगितलं जातं ह्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. ते छत्री मिटत होते, ती अर्धीच मिटली.

भटू गुरुजींनी विचारलं, "कोन हिंमतराव?"

कालीबाईला वाटलं, नवा माणूस आहे, ओळख करून मागतोय. तिनं कौतुकानं सांगितलं. चांगला माणूस आहे. तीन हंगाम झाले, झाडाचाच झालाय. बोलतो पोथीसारखा, पितो आमच्यासारखा. हरभरे आणतो, पण एकटाच खातो. आता तो येईल, झाडाला हात लावेल आणि काय ते सांगेल. त्यानं नको म्हटलं की झाड राहिलं.

भिल्लीतलं हे बोलणं टोप्यांतल्या दोघा-तिघांना कळत होतं, त्यांनी बाकीच्यांना हळू आवाजात सांगितलं. कुऱ्हाडवाल्यांतला एकजण कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून हिंमतरावांकडं बघायला लागला. हिंमतराव अर्धी मिटलेली छत्री तशीच धरून उभे होते. पाड्यावरचा पोर अन् पोर ते बघत होता. भिला तर झोपडीच्या कुडाला टेकून असा उभा होता, की जणू त्याच्याच घरचं लग्न लागतंय.

आता रेवजीनं नुसतं गप्प राहायचं होतं. झाड वाचलंच होतं. पण झाडाखाली बसलेला पाहुणा, झाडाखालीच, चौदा माणसांत नागडा होतोय हे त्याला बघवेना. मूर्ख म्हणा, भिल्ल म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तो मध्ये पडला.

"तो दुसरा हिंमतराव, गुरुजी," तो म्हणाला. "म्हसावदनाच शे. पन ह्या अध्यक्ष आप्पासारखा नही."

कालीबाई पुटपुटली, आवाज तर मघाशी त्याचाच वाटला. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. भटू गुरुजी मात्र विचारात पडले. सरळ माणसाची हीच पंचाईत असते, तो शेवटपर्यंत सरळच जातो.

"मंग त्याले इचारा," ते म्हणाले. "अध्यक्षसनी रीत पाळानं सांगेल शे. त्याना होकारबगर रीत पुरी कशी व्हई?"

सगळे हिंमतरावांकडं वळले. त्यांनी घसा साफ केला, छत्री पूर्ण मिटली आणि पुन्हा उघडली.

"त्याले मी सोधस," ते म्हणाले. "म्हसावदमा मन्हा वळखीबगर कोनी नही. तो भेटस तोवर हाई झाडले हात लावानं नही."

अशा रीतीनं रेवजीचं झाड वाचलं, आणि हिंमतराव स्वतःला शोधायचं काम घेऊन मोकळे झाले.

पण चौदा माणसं तीन कोस चालून आली होती. कुऱ्हाडींना धार लावलेली होती. काहीच न पाडता खाली जायचं तर मंडळाची शोभा. भटू गुरुजींनी नाल्याकडं बोट दाखवलं. तिथं दोन ताड आहेत, ते कुणाचे? ते भिलाचे होते. हिंमतरावांनी कुणाच्याच तोंडाकडं न बघता छत्री त्या दिशेला हलवली.

भिला धावत पुढं गेला. त्यानंही तुंबा घेतला, त्यानंही नावं घेतली. अकरा मेलेली नावं, घाईघाईनं, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. जितं नाव एकच होतं, त्याचं स्वतःचं. त्याच्या झाडाखाली दुसरं कुणी कधी बसलंच नव्हतं. त्यानं बुंध्याला मिठी मारून सांगितलं की मी नको म्हणतो. भटू गुरुजी त्याला समजावत म्हणाले, भाऊ, चार माणसांची ती रीत असते, एका माणसाचा तो हट्ट असतो. मग दोघांनी भिलाचे हात धरले.

ताड काही साधं लाकूड नाही. वरून काळा दगड, आत नुसत्या तारा. कुऱ्हाड मारली की उसळी घेऊन परत येते. चौदा माणसांना दोन झाडं पाडायला दुपार झाली. पहिलं पडलं ते शेंड्यावरच्या भरल्या मडक्यांसकट पडलं, आणि मडकी फुटून सगळी ताडी मंडळाच्या अंगावर. दारूबंदीचे चौदा कार्यकर्ते डोक्यापासून पायापर्यंत आंबूस वास मारत म्हसावदच्या वेशीतून आत शिरले. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

संध्याकाळी रेवजी नाल्यावर गेला. भिला पडलेल्या खोडावर बसला होता. रेवजीला वाटलं हा आता शिव्या देईल. शिव्या बऱ्या होत्या.

"माझ्या झाडांना अकरा नावं होती," भिला म्हणाला. "सगळी आपली. एकानंही कुऱ्हाड अडवली नाही. तुझ्या झाडाला एक चोरून पिणारा होता, त्यानं अडवली."

 रेवजी त्याच्याशेजारी बसला आणि दोघं अंधार पडेस्तोवर बसून राहिले.

लग्न झालं. कालीबाईनं आपल्या झाडाची धार सोडली. मेलेल्या नावांत भिलाची अकराही घेतली, कारण त्यांना आता उभं राहायला जागा उरली नव्हती. बुधीच्या सासऱ्यानं विचारलं, हा म्हसावदचा हिंमतराव कोण? रेवजी म्हणाला, आमच्या झाडाचा मोठा माणूस. सासऱ्याला बरं वाटलं, चांगल्या घरची पोर मिळाली.

पुढच्या फागणात हिंमतराव एकटेच आले. छत्री नव्हती, डोक्याला टोपीही नव्हती. बसले नाहीत. उभ्या उभ्याच हळू आवाजात म्हणाले, "रेवजी, मन्हं नाव त्यामातून काढी टाक."

"नाव निंघस नही, आप्पा," रेवजी म्हणाला. "मानूस मरना का ते मरेलसमा जास. तेवढंच."

 हिंमतराव म्हणाले, "मंग जरा हळू ले."

"माय बहिरी व्हई चालनी. हळू लिधं ते तिलेच ऐकू येस नही."

 हिंमतराव खाली बसले, आणि बसल्यावर साहजिकच विचारलं, आज काढली आहे का. झाडाच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. रेवजीनं तुंबा भरून आणला. तेवढ्यात भिला आला.

भिलानं हिंमतरावांना राम राम केला. रेवजी पुढं सरकला, कारण भिलाच्या हातात कोयती होती. पण भिला अगदी गोड बोलला. म्हणाला, आप्पा, इथं नको, माझ्याकडं चला. तुंबा त्यानं रेवजीच्या हातातून घेतला आणि पुढं निघाला. हिंमतराव घाबरून त्याच्यामागं, रेवजी त्यांच्यामागं.

नाल्याकाठी, तोडलेल्या दोन खोडांच्या मधे, भिलानं पावसाळ्यात बी पुरलं होतं. वीतभर हिरवं पातं वर आलं होतं. भोवती काट्यांचं कुंपण. भिलानं कोयतीनं काटे बाजूला केले, जमीन हातानं साफ केली आणि हिंमतरावांना पात्याशेजारी बसवलं. हिंमतराव म्हणाले, आठे ते सावली बी नही. भिला म्हणाला, सावली नातवाला पडेल, तुम्ही फक्त तीन हंगाम इथं येऊन बसा.

मग त्यानं द्रोण भरून त्यांच्या हातात दिला. हिंमतरावांनी एकदा वाटेकडं बघितलं, एकदा कोयतीकडं बघितलं, आणि प्याले.

भिलानं पात्याशी धार सोडायला सुरुवात केली. अकरा नावं घेतली, ह्या वेळी एकही चुकली नाही. मग स्वतःचं घेतलं. मग तो थांबला. तोडलेल्या खोडावर हात ठेवून तो बोलायला लागला, ते रेवजीला नीट ऐकू आलं. तो आपल्या मेलेल्यांना सांगत होता, की ह्या माणसाला सांभाळा. ह्याला ताप येऊ देऊ नका, साप चावू देऊ नका, नदीच्या पुराला ह्याला वाटेत गाठू देऊ नका. झाड पाझरायला तीस वर्षं आहेत, तोवर ह्याला काही करून जगवा.